वाफ जिरू दे

चि. मुक्ता,


तेलाचा शिंतोडा उडाला, असं तू ताईला सांगितलंस. मंदारकडून मला खरं कळलं. चमच्याने कुकरची शिट्टी उचललीस आणि सगळी वाफ मनगटावर घेतलीस. ताईला मी काही बोलले नाही, तिचं बीपी तुला ठाऊक आहे. पण तुला बोलणार. बारावीला रसायनात ९५ आणि वाफेत हात घालतेस?

वर म्हणालीस म्हणे, "नुसती वाफ तर होती." नुसती? हायड्रोजन बंधाचं उत्तर घडाघडा म्हणायचीस ना? पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, हायड्रोजन किंचित धनभारित होतो आणि शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनला धरतो. पकड तशी कच्चीच, रेणूच्या आतल्या बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याची. पण एकेका रेणूला असे चारपर्यंत शेजारी. वाफ व्हायची तर या पकडी सुटायला हव्यात, म्हणून उकळत्या पाण्याच्या दर ग्रॅमला आणखी ५४० कॅलरी लागतात आणि तापमान एक अंशही चढत नाही. ती सगळी उष्णता घेऊन वाफ निघते. गार कातडी लागली की रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि ती तिथेच टाकतात. एक ग्रॅम उकळतं पाणी अंगाइतकं निवेपर्यंत ६३ कॅलरी देईल. तेवढीच वाफ सहाशेच्या वर. हा हिशेब तुला वहीत येतो, ओट्याशी येत नाही, याचीच मला धास्ती वाटते.

आमच्या बी.एस्सी.च्या लॅबमध्ये किपच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड यायचा. कुजक्या अंड्यांचा तो वास साडीला घरापर्यंत. हा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, तरी उणे ६० अंशांनाच उकळतो, कारण गंधकाला ही पकड नीट जमत नाही. पाणी त्याच्या वळणावर गेलं असतं तर ना समुद्र, ना आपण. मला हे फार आवडायचं गं. एम.एस्सी.चा फॉर्म भरून ठेवला होता, तेवढ्यात लग्न ठरलं. "नंतर कर की," म्हणाले सगळे. मीही मान डोलावली. अजून कधीतरी तो फॉर्म आठवतो. म्हणून तुझ्यावर जरा जास्तच डोळा असतो माझा, राग मानू नकोस.

तर, कुकर. गॅस बंद कर आणि वाफ जिरू दे. भात उशिरा झाला तर होऊ दे. पुन्हा कधी भाजलंच, तर आधी घड्याळ-बांगडी काढ आणि वीस मिनिटं हात नळाखाली धर. पाणी भरपूर उष्णता ओढून घेतं आणि स्वतः फारसं तापत नाही, तेही या बंधांमुळेच. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. फोड आला असेल तर फोडू नकोस.

दमून येतेस, भूक लागलेली असते, तेव्हा कुठला धीर निघायला? कळतं मला. शनिवारी मंदारबरोबर दशम्या आणि दाण्याची चटणी पाठवते. दोन-तीन दिवस कुकर लावूच नकोस. मनगटाचा फोटो पाठव. रागावणार नाही.

तुझी,
मोठी मावशी