तबकडीवरील लेखन

तुमच्या घरीं ताईचें लग्न किंवा आजोबांचा आवाज सांठविलेली एखादी सी. डी. असेल. कोऱ्या तबकडीवर हें सारें लिहिलें कसें जातें, तें आज पाहूं.

तबकडी पारदर्शक प्लॅस्टिकची असते. तिच्यावर जिलबीच्या वेढ्यांप्रमाणें आंतून बाहेर जाणारी एकच सूक्ष्म खोबण असते. ती उलगडली तर ५ कि. मी.हून अधिक भरेल. म्हणजे अमरावतीहून बडनेऱ्याची निम्मी वाट सरेल. खोबणीवर एका रंगाचा थर व त्यावर चकाकणाऱ्या धातूचा मुलामा असतो. लिहितांना लेसर किरण त्या रंगाला ठिकठिकाणीं तापवितो. तेथें तो कायमचा पालटतो. वाचतांना सौम्य किरण सोडतात. कोऱ्या जागेवरून प्रकाश चांगला परततो, तापलेल्या जागेवरून कमी. परतणारा प्रकाश जेथें बदलतो तेथें १, न बदले तेथें ०, असें यंत्र मानतें. आणि या दोन अंकांच्या संकेतांतूनच स्वर व चित्रें पुन्हां उभीं राहतात.

परंतु जो रंग प्रकाशानें लिहितां येतो, तो उन्हानें विटतोही. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्यांचें भजन असलेली तबकडी आम्हीं वऱ्हाडचे दोन उन्हाळे खिडकींत राहूं दिली. ती पुन्हां वाजली नाहीं. आणि दुसरी प्रत नव्हती.

याच जिल्ह्यांतील रिद्धपुरास तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं ‘लीळाचरित्र’ हा गद्यग्रंथ सिद्ध केला. तो आपणांस लाभला, तो पिढ्यानपिढ्या प्रती उतरणाऱ्यांमुळें. तेव्हां या सुटींत घरच्या तबकड्या सावलींत ठेवा, आणि त्या वाजताहेत तोंवर त्यांच्या प्रती उतरून घ्या.