डबी कुणी बंद केली?

अरे, नाण्यांचे सेट घ्यायला निघालाच आहेस, तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: हा सेट बंद कुणी केला, टाकसाळीनं की दुकानदारानं? साल, चांदी, दुर्मीळ आहे की नाही, हे सगळं नंतर.

टाकसाळ दोन प्रकारचे सेट विकते, प्रूफ आणि यूएनसी, म्हणजे अनसर्क्युलेटेड, चलनात न फिरलेली नाणी. नवखा माणूस इथेच फसतो, कारण नाणी दोन्हींत तीच असतात आणि किमतीत मात्र बराच फरक असतो. लोकमान्य टिळकांचं 2007 सालचं पाच रुपयांचं नाणं घे. ते बाजारातही फिरलं, आणि शंभराच्या नाण्याबरोबर सेटमध्येही आलं. भिंग घे, नाणं दिव्याखाली धर आणि हळूच कलतं कर. गल्ल्यातून आलेलं असेल तर नाक, मिशी, कपाळ असे उंचवटे झिजून गुळगुळीत झालेले दिसतील. यूएनसी सेटमधलं म्हणजे घडी न मोडलेलं लुगडं. कलतं केलं की सगळ्या अंगावरून सारखी झळाळी फिरते. एखादा बारीक टोचा मात्र असू शकतो. यंत्रातून पडताना नाणी एकमेकांवर आपटतात, त्याचा बाऊ करू नकोस. प्रूफची गोष्ट वेगळी. त्याच्या कोऱ्या चकत्या आणि ठसे आधी चकचकीत करून घेतात, आणि एकेक चकती एकाहून जास्त वेळा दाबतात. म्हणून मागचं मैदान आरशासारखं, आणि त्यावर चेहरा दुधाळ, खरखरीत उठलेला. दिव्याची दिशा बदलली की तेच मैदान काळं दिसतं. ही उघडझाप एकदा डोळ्यात बसली की पाकिटावर काय छापलंय ते वाचावं लागत नाही.

मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर आणखी एक खूण सापडते. 1996 पासून इंग्रजी ‘एम’, त्याआधी ‘बी’. साध्या नाण्यांवर मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याला खूणच नाही. सालाच्या खाली बघायचं. चारही टाकसाळींच्या एकाच सालाच्या नाण्यांचा सेट बाजारातून विकत घेऊ नकोस. सुट्ट्या पैशांतून स्वतः निवड. खर्च शून्य आणि नजर तयार होते.

तिसरा प्रकार दुकानदारानं भरलेला. पुठ्ठ्याचं देखणं पाकीट, आत दहा-बारा नाणी, वर ‘मिंट सेट’ असं ऐटीत छापलेलं. यात लबाडीच असते असं नाही. हौशी माणसाला सालवार नाणी एकत्र मिळतात, तेवढीच त्याची किंमत. पाकीट टाकसाळीचं समजून पैसे मोजलेस तर दोष तुझा. काहींत तर वापरलेली नाणी घासून घातलेली असतात. मघाची फिरती झळाळी आठव, घासलेल्या नाण्यावर ती नसते, सगळीकडे बारीक चरे असतात.

चांदीचा हिशेब तोंडपाठ ठेव. शंभराची बहुतेक स्मारक नाणी 35 ग्रॅमची, त्यात चांदी निम्मीच, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. 2023 चं संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणंही तसंच. म्हणजे हातात साडेसतरा ग्रॅम चांदी. दिवसाचा भाव लावून मोडीची किंमत काढ. त्यावरचे पैसे हौसेचे. बृहदीश्वर मंदिराच्या हजार रुपयांच्या नाण्यात मात्र चांदी 80 टक्के आहे. म्हणून सगळ्यांना एकच माप लावू नकोस. आणि ही 75, 100, 125 ची नाणी चलनात फिरायला काढलेलीच नसतात. कुणी ‘बँकेतून मिळालं’ म्हणाला तर हसून पुढे हो.

पुण्याच्या जुन्या बाजारात राम-सीतेचं, ईस्ट इंडिया कंपनी 1818 असं लिहिलेलं जाडजूड नाणं कुणी दाखवलं, तर नमस्कार कर आणि परत दे. कंपनीनं असं नाणं पाडलंच नव्हतं. ‘वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतील, आधी फी भरा’ असे फोनही येतील. असल्या व्यवहारात आपण फी किंवा कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्येच जाहीर केलंय.

माझं मत विचारशील तर प्रूफ एकच घे, डोळा तयार व्हावा म्हणून. बाकी यूएनसी. प्रूफवर एक बोट उमटलं की संपलं. तो डाग वर्षागणिक गडद होतो आणि पुसायला गेलास तर आरसाच चरतो. नाणं काढायचंच असेल तर कडेनं धर, खाली मऊ कापड असू दे. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट यांतलं काहीही जवळ आणायचं नाही. पाकिटांना रबर बँड नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि त्या बदलत राहा.

नवीन सेट थेट टाकसाळीकडूनच मागव. मागणी नोंदवायची मुदत असते, ती चुकली की दुपटीनं बाहेर घ्यावं लागतं. पैसे भरल्यावर सेट हातात यायला महिने लागतात, घाबरू नकोस. पावती, माहितीपत्रक आणि बाहेरचं खोकं जपून ठेव. विकायला गेलास की दुकानदार नाण्याआधी तेच मागतो.