नेता आणि कपाटाची चावी



धर्मग्राम परिषदेच्या नव्या सदस्यांसाठी नावे सुचवा, अशी विनंती आम्ही लागोपाठ तीन रविवार मिस्सानंतर केली. चर्चच्या दाराशी ठेवलेल्या पेटीतून एकूण चार चिठ्ठ्या निघाल्या. त्यांपैकी दोहोंवर 'फादर ठरवतील ते' एवढेच लिहिले होते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की एकेका वॉर्डात किती अर्ज पडतात, हे आपण जाणतोच. तेव्हा पुढारपणाची हौसच आपल्या लोकांत नाही, असे म्हणता येणार नाही. मग परिषदेत यायला कोणी तयार का होत नाही? या प्रश्नाचा विचार करू लागलो आणि उत्तराचा बराच भाग आमच्याच दारात येऊन थांबला. तो पुढे सांगतो.

चांगल्या नेत्याचे गुण कोणते, असे धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारले तर मुले भराभर सांगतात : धाडस, हुशारी, प्रामाणिकपणा, उत्तम भाषण. उत्तर चुकीचे नाही. पण हे सर्व गुण अंगी असूनही माणूस वाईट नेता ठरू शकतो. (उत्तम भाषणे तर आपण दर पाच वर्षांनी ऐकतोच.) नेत्याकडे पाहण्याऐवजी त्याच्या भोवतीच्या माणसांकडे पाहिले, तर त्याची पारख अधिक नेमकी होते, असे आम्हांस वाटते.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान 1908 साली, महाराज हयात असतानाच स्थापन झाले. त्याचा कारभार अनेक दशके शिवशंकरभाऊ पाटील यांनी सांभाळला. 4 ऑगस्ट 2021 रोजी वयाच्या 81 व्या वर्षी ते निवर्तले. आपली श्रद्धा वेगळी आहे; पण दहा माणसांना सोबत घेऊन काम कसे करावे, हे शिकण्यासाठी शेजाऱ्याच्या अंगणात जाण्यात कमीपणा नाही.

खामगावमार्गे शेगावला आपल्यापैकी बरेच जण कामानिमित्त जातात. तेथील सेवेकरी आपण पाहिले असतील. झाडू मारणारे, चपला सांभाळणारे, पंगतीत वाढणारे, रांगेतल्या म्हाताऱ्यांना हात देणारे. वाट विचारली तर 'माऊली' म्हणून उत्तर देणारे. असे हजारो लोक गावोगावहून पाळीपाळीने येतात, ठरलेले दिवस सेवा करतात आणि मोबदला न घेता परत आपल्या शेतावर वा नोकरीवर जातात. पगार देऊन माणसाकडून झाडून घेता येते. पण तो परक्याच्या चपला आदराने उचलील, हे पगाराने साधत नाही.

मग ते कशाने साधले? भाऊ संस्थानचे पाणीसुद्धा पीत नसत, असे आपल्या जिल्ह्यात घरोघरी सांगितले जाते. ऐकणारे त्यांच्या वैराग्याला हात जोडतात. आम्हांस मात्र त्यात वैराग्याइतकेच व्यवहारज्ञान दिसते. तिजोरी ज्याच्या हाती, तो स्वतःसाठी काही घेत नाही, हे दिसले की झाडू हाती असलेल्यास 'आपल्याला कोणी राबवून घेत आहे' असे वाटत नाही. एकाने हात आखडला म्हणून हजारोंनी हात मोकळे सोडले. आणि भाऊ गेल्यानंतरही चपला सांभाळल्या जात आहेत, पंगती उठत आहेत. आम्ही त्यांच्या नेतृत्वाचे मोठेपण येथेच मानतो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. निर्गम या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो त्याला भेटायला वाळवंटात येतो. पाहतो तर काय, मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसला आहे आणि लोक रांगेत ताटकळत उभे आहेत. आपण असतो तर 'केवढा कष्टाळू जावई!' म्हणून कौतुक केले असते. इथ्रो मात्र त्याला बजावतो, की तुझे हे वागणे बरे नाही. तूही थकशील आणि लोकही थकतील. कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, खरी आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर त्यांना नेम. लहान तंटे त्यांच्यावर सोपव. दहांवरसुद्धा एक नेता! म्हणजे एका गल्लीपुरते नेतृत्वही शास्त्राने मोजले आहे. मोशेचे मोठेपण असे, की त्याने सासऱ्याचे ऐकले.

आम्ही ऐकले नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही तापाने बारा दिवस रुग्णालयात होतो. परतलो तेव्हा सभागृहाचे पत्रे गळत होते, सतरंज्या भिजून कुजल्या होत्या आणि मुलांची धर्मशिक्षणाची पुस्तके लगद्यासारखी झाली होती. आम्ही रागावलो. रविवारच्या प्रवचनात दोन कठोर शब्दही बोललो. त्या संध्याकाळी धर्मग्रामातील एक आजी भेटीस आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, ताडपत्री कपाटात होती. कपाटाची चावी तुमच्यापाशी होती. पोरं येऊन कुलूप बघून गेली."

तीन वर्षे ती चावी, हिशेबाची वही आणि वर्गणीची पावतीपुस्तके आमच्याच खोलीत होती. कोणी मागितली नाहीत, हे खरे. पण आम्हीही कधी देऊ केली नाहीत. सर्व कामे स्वतः करण्याला आम्ही सेवा समजत होतो. त्या सेवेत थोडा अविश्वास होता आणि थोडा अहंकारही होता, हे आज येथे लिहावेसे वाटते. सेमिनरीत तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, पण पावसाळ्यात ताडपत्री कोणाच्या हाती असावी, हे आजींनी शिकवले.

येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांची या संदर्भात आठवण होते. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दुष्काळी गावांत त्यांनी पाणलोटाचे काम उभे केले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांचीच प्रेरणा होती आणि 1993 साली 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. 2021 सालीच तेही देवाघरी गेले. या कार्यक्रमात गावाला निधी मिळण्याआधी गावकऱ्यांनी श्रमदान करून दाखवावे लागे. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळण्याची तयारी लागे. पुढचे काम गावाच्या समितीने पाहायचे. निधी हाताशी असताना ठेकेदार लावून बांध घालून देणे सोपे होते. पण परक्याने घातलेला बांध फुटला तर गाव त्याच्याकडे बोट दाखवते. स्वतः घातलेला फुटला तर कुदळ घेऊन निघते. देणाऱ्याने थांबून वाट पाहावी, याला फार धीर लागतो. आमच्यापाशी तो कमी पडला.

दोष आमचा, म्हणून आपण सर्व मोकळे झालात असे मात्र नाही. कुलूप पाहून परतलेल्या मुलांपैकी एकानेही ते तोडले असते, तर आम्ही त्याचे आभार मानले असते (निदान दुसऱ्या दिवशी तरी!). प्लेटोने 'रिपब्लिक' या ग्रंथात म्हटले आहे, की सज्जन माणूस सत्तेच्या हौसेने कारभारात येत नाही. पण त्याने नकार दिला तर आपल्याहून हलक्या माणसाच्या हाताखाली राहणे ही त्याची मोठी शिक्षा ठरते. 'आम्हाला नको बुवा त्या भानगडी' असे म्हणणाऱ्या आपल्या समंजस मंडळींनी यावर विचार करावा. सोयाबीनची सोंगणी, मुलांच्या शाळा, लग्नकार्ये ही कामे प्रत्येकाला आहेत. हजारांचे नेतृत्व कोणी मागत नाही. दहा घरांचे पाहिले तरी पुरे.

येत्या रविवारी मिस्सानंतर सभागृहात बैठक आहे. हिशेबाची वही टेबलावर उघडी ठेवू, ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी. कपाटाच्या तीन चाव्या करून आणल्या आहेत. एक आमच्यापाशी राहील, एक महिला मंडळाकडे जाईल. तिसरी कोणी घ्यायची, हे तरुणांनी आपसांत ठरवून यावे. चिठ्ठीवर 'फादर ठरवतील' असे लिहू नये.