फोटो नेमका बिघडतो कुठे?

गेल्या वर्षी आपल्या विभागातल्या सरांच्या निरोप समारंभाचे फोटो मी काढले आणि जवळजवळ सगळे बिघडले. सर काही पुन्हा निवृत्त होणार नाहीत! म्हणून चुका कुठे झाल्या ते शोधलं, तेच इथे मांडते.

हललेला फोटो : हॉलमध्ये उजेड कमी होता. अशा वेळी ऑटो मोडवरचा कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. माझ्या फोटोंत तो वेळ १/१५ सेकंद होता आणि सर तर हातवारे करत बोलतात! शटर १/१२५ वर ठेवा आणि त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढवा. फोटो थोडा दाणेदार येईल, पण चेहरा स्पष्ट दिसेल. ट्रायपॉडने आपला हात स्थिर होतो, समोरचा माणूस नाही. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅशही मागच्या रांगेतून स्टेजपर्यंत पोचत नाही. पुढच्या रांगेतली डोकी तेवढी उजळतात.

पिवळा फोटो : बल्बचा उजेड पिवळसर असतो. आपल्या डोळ्यांना त्याची सवय होते, कॅमेऱ्याला ते दर वेळी जमत नाही. व्हाइट बॅलन्समध्ये बल्बचं चिन्ह निवडा.

काळा चेहरा : सरांच्या मागे उघडी खिडकी होती. कॅमेरा साधारण सगळ्या चौकटीतला उजेड मोजतो, त्यामुळे खिडकी ठीक आली आणि सर काळे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा. त्याहून सोपं म्हणजे आपणच जागा बदलायची, खिडकी आपल्या पाठीशी घ्यायची.

मग कंप्युटरवर काय सुधारतं? पिवळेपणा बराचसा जातो. काळोखातला चेहराही थोडाफार उजळता येतो. फोटो रॉ फाइलमध्ये असेल तर जास्तच. पण हललेला चेहरा सहसा परत मिळत नाही आणि पूर्ण पांढऱ्या पडलेल्या भागातले बारकावेही गेलेच. म्हणून सगळ्यात आधी शटर सांभाळा.

माझा त्या दिवशीचा एकच फोटो वाचला, सर शाल स्वीकारतानाचा. चेहरा काळा होता, पण हललेला नव्हता. उजळल्यावर दाणे दिसतात खरे, पण सरांचे भरून आलेले डोळेही दिसतात.

पुढच्या कार्यक्रमाला पंधरा मिनिटं आधी या. मित्राला माइकसमोर उभं करा, दोन फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठे करून बघा. चूक तेव्हाच सापडली तर दुरुस्त करायला वेळ असतो.