नारळ उभा राहिला, मग?

परवा व्हायवाला सरांनी विचारलं, "बोअरची जागा कशी ठरवाल?" आमच्या बॅचमधल्या एकाने मागून हळूच उत्तर दिलं, "नारळाने!" सगळे हसले, सरही हसले. मी मात्र हसलो नाही, कारण गेल्या वर्षी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आमच्याच शेतात हे नाटक झालं होतं आणि त्यात सपशेल तोंडघशी पडलो होतो मी!

झालं असं. विहीर फेब्रुवारीतच तळाला गेलेली. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून बोअर घ्यायचं ठरवलं आणि पाणाड्याला बोलावलं. तो तळहातावर आडवा नारळ ठेवून बांधाबांधाने फिरला, आणि एका ठिकाणी नारळ उभा राहिला. मी म्हणालो, "दादा, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे." वडील शांतपणे म्हणाले, "वरच्या तिन्ही शेजाऱ्यांना यानेच जागा दाखवली. तिघांनाही पाणी लागलं. ते काय खोटं बोलतात?"

मित्रांनो, इथे माझी बोलती बंद झाली. कारण नीट पाहिलं तर वडिलांकडे पुरावा होता, तीन बोअरचा. माझ्याकडे फक्त एक शब्द होता, तोही पाठ केलेला.

त्या रात्री झोप लागेना म्हणून वहीत चार चौकटी आखल्या. पाणाड्या बोलावला आणि पाणी लागलं, बोलावला आणि नाही लागलं, न बोलावता लागलं, न बोलावता नाही लागलं. वडिलांचे तीन शेजारी पहिल्या चौकटीत बसले. दुसऱ्या चौकटीत कुणीच नव्हतं, म्हणून सकाळी विचारत फिरलो. तेव्हा कळलं की कोरडे गेलेले बोअरही आहेत, फक्त त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. आणि सांगितलीच तर "मशीनवाल्याने दोन फूट सरकून मारलं" असं काहीतरी कारण जोडीला असतंच. शेवटच्या दोन चौकट्यांत तर गंमतच झाली. पाणाड्याला न बोलावता बोअर घेणारा माणूस आख्ख्या गावात सापडेना! मग तुलना करायची कशाशी? औषध सगळ्यांनाच दिलं तर ते औषधाने बरे झाले की आपोआप, हे कळणार कसं?

आणखी एक भानगड. "पाणी लागलं" म्हणजे काय? महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टवर आहे. या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही, ते वरच्या मुरमात, भेगांमधे आणि दोन थरांच्या सांध्यात साठतं. त्यामुळे ओल बऱ्याच ठिकाणी लागते. प्रश्न असतो किती लागेल आणि एप्रिलपर्यंत टिकेल का. पाणाड्या नारळ फोडून गेला तो गेला, एप्रिलमधे त्याला कोण विचारतंय?

पण नारळ उभा राहतो ते तर डोळ्यांदेखत ना? राहतो, आणि बहुतेक वेळा पाणाड्या लबाडीही करत नसतो. कडुलिंबाची बेचकी घ्या. दोन्ही हातांनी ताणून धरली की तिच्यात ऊर्जा साठते आणि ती अस्थिर समतोलात येते. मनगट किंचित वळलं की फाटकन खाली जाते. वळवणाऱ्याला वाटतं, कुणी ओढली. नकळत होणाऱ्या अशा हालचालींना कार्पेंटर या शास्त्रज्ञाने १८५२ साली नाव दिलं, आयडिओमोटर. तुम्हीही करून बघा, दोऱ्याला अंगठी बांधून धरा आणि ती गोल फिरेल असं नुसतं मनात आणा.

मग याची परीक्षा कशी घ्यायची? जर्मनीत कासेल इथे १९९० साली घेतली होती. जमिनीत ५० सेंटिमीटर खोल पाइप पुरला, तो कुठून जातो हेही वर आखून दाखवलं. तीसेक पाणाड्यांनी फक्त सांगायचं, पाणी आत्ता वाहतंय की बंद आहे. पद्धत आधी सगळ्यांना मान्य होती. निकाल नाणं उडवल्यासारखाच आला. त्याआधी म्युनिकजवळच्या प्रयोगात ५०० हून अधिक जणांतून ४३ निवडले होते. त्यातल्या सहांना खरंच कळतं असा संशोधकांचा दावा होता. पुढे जिम एनराइट यांनी तीच आकडेवारी तपासली आणि ते यशही योगायोगाचंच ठरवलं.

आता कुणी म्हणेल, ही खेड्यातली गोष्ट, आपण टेक्नॉलॉजीवाले! तर ऐका. एडीई ६५१ नावाचं बॉम्ब शोधायचं यंत्र एका ब्रिटिश माणसाने इराकला कोट्यवधी डॉलरना विकलं. मुठीत धरायचा प्लॅस्टिकचा दांडा आणि त्यावर फिरणारी अँटेना. आत बॅटरीसुद्धा नव्हती. म्हणजे आपली बेचकीच, फक्त मॉडेल नंबर लावलेली. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते घेऊन गाड्या तपासत राहिले. विकणाऱ्याला २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली, तरी यंत्रं नाक्यांवर होतीच. जुलै २०१६ मधे करादा भागात बॉम्बस्फोटात तीनशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा कुठे ती काढून घेण्याचा हुकूम निघाला.

नारळाला आपण हसतो, डिजिटल डिस्प्लेला नाही. लॅबमधलं आपलं रेझिस्टिव्हिटी मीटर खरोखर काहीतरी मोजतं, हे मान्य. पण रेझिस्टिव्हिटी कमी आली म्हणजे पाणीच असं नाही, चिकणमाती असली तरी कमीच येते. त्या सर्व्हेवाल्यालाही मग त्याच चार चौकटी लावायला नकोत का?

वडिलांशी पुन्हा वाद घातला नाही. एवढंच म्हणालो, "बोअर घ्या, पण तो काय सांगतो ते आधी वहीत लिहू." पाणाड्या म्हणाला, १२० फुटांवर दोन इंच पाणी. लिहिलं. मशीन आलं. १२० ला नुसता धुरळा. १५० लाही तेच. वडिलांचा चेहरा बघवेना, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला नारळ खरा ठरायला हवा होता. २१० फुटांवर पाणी लागलं, साधारण एक इंच.

"लागलं का नाही?" वडील म्हणाले.

"लागलं," मी म्हणालो, आणि वहीत तारीख, खोली, इंच सगळं लिहिलं. शेजारी एप्रिलचा रकाना मोकळा ठेवला. या वर्षी एप्रिलमधे वडिलांचा फोन आला. पीक कसं आहे, परीक्षा कधी आहे वगैरे झालं. मग म्हणाले, "ती वही कुठं ठेवलीयस? अर्धा इंच लिही. आणि वरच्या तिघांचंही विचारून आलोय, ते पण लिहून घे."