मुलीला नर्स व्हायचे आहे : कॉलेज कसे निवडावे?

१८८३ साली आनंदीबाई जोशी बोटीने अमेरिकेला गेल्या. त्यांना डॉक्टरकी शिकायची होती. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली. त्या काळी बाईमाणसाला इतके दूर जावे लागे. आज तसे नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत कॉलेजे निघाली आहेत. त्यामुळे आता निराळीच अडचण आहे. यांतले खरे कोणते, खोटे कोणते? चांगले कोणते, नुसते नावाचे कोणते?

समजा, तुमची मुलगी बारावी झाली. ती म्हणते, “बाबा, मला नर्स व्हायचंय.” फार चांगली गोष्ट आहे. पण कॉलेज चुकले तर पैसा जातो. मुलीची चार वर्षे जातात. पैसा पुन्हा मिळवता येतो, वर्षे येत नाहीत. म्हणून फी भरण्याआधी काय पाहावे ते आपण शिकू.

पहिली गोष्ट : शिक्षण कोणते?

नर्सिंगच्या तीन पायऱ्या आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचे. जी.एन.एम. सुमारे तीन वर्षांचे. या दोन्ही पदविका आहेत, पदव्या नव्हेत. तिसरे बी.एस्सी. नर्सिंग. ते चार वर्षांचे, आणि ती विद्यापीठाची पदवी आहे. तिच्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. प्रवेश परीक्षाही द्यावी लागते.

पदवीला जागा मिळाली नाही तर खचून जाऊ नये. जी.एन.एम. झाल्यावर आणखी दोन वर्षे शिकून पदवी घेता येते. वाट लांब आहे, पण बंद नाही.

दुसरी गोष्ट : मान्यता आहे काय?

आपल्या राज्यात आरोग्याच्या शिक्षणासाठी वेगळे विद्यापीठ आहे. त्याचे नाव महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. ते १९९८ साली नाशिकला स्थापन झाले. नर्सिंगची पदवी देणारी बहुतेक कॉलेजे त्याला जोडलेली आहेत. काही अभिमत विद्यापीठांची स्वतःची कॉलेजे आहेत. त्यांची फी बहुधा जास्त असते.

विद्यापीठाची मान्यता हवी, तशी परिचर्या परिषदेचीही हवी. का? तर शिक्षण संपल्यावर मुलीचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदवावे लागते. नाव नोंदले तरच ती कायद्याने नर्स. मान्यता नसलेल्या संस्थेचा दाखला कितीही रंगीत असो, त्यावर नोंदणी होत नाही. मग सरकारी नोकरी नाही. चांगल्या इस्पितळात नोकरी नाही. शिवाय अर्धवट शिकलेल्या हातात रोग्याचा जीव सापडतो. तो रोगी आपल्याच गावचा असतो.

“सहा महिन्यांत नर्स व्हा,” “घरबसल्या नर्सिंग” अशा पाट्या दिसतात. त्यांना भुलू नका. नर्सिंगचे हे शिक्षण घरबसल्या होत नाही.

तिसरी गोष्ट : इस्पितळ पाहा

पोहायला पाण्यातच शिकावे लागते. तसे नर्सिंग रोग्याच्या खाटेपाशीच शिकावे लागते. म्हणून इमारत पाहू नका, इस्पितळ पाहा. एका विद्यार्थ्यामागे तीन रोगी असावेत, असा परिषदेचा दंडक आहे.

दोघे जण सकाळी दहाच्या सुमारास जा. खाटा मोजा. किती खाटांवर रोगी आहेत ते मोजा. पाटीवर शंभर खाटा आणि रोगी दहा, असे असेल तर मुलगी शिकणार कोणाजवळ? शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारा, “पोरींनो, बाळंतपणं किती पाहिलीत? शिकवायला बाई रोज येतात का? वॉर्डात कुठं पाठवतात? गाडी कोणाची?” मुली खरे सांगतात.

सरकारी कॉलेजाची इमारत जुनी असेल. पण तिथे रोग्यांची गर्दी असते आणि फी कमी असते. जागा थोड्या असल्यामुळे गुण मात्र जास्त लागतात.

चौथी गोष्ट : हिशेब मांडा

एका वर्षाची फी पाहून हो म्हणू नका. चारही वर्षांचा हिशेब मांडा. समजा, फी वर्षाला ८०,००० रुपये आहे. चार वर्षांचे ३,२०,००० झाले. वसतिगृह आणि जेवण वर्षाला ५०,००० धरा. चार वर्षांचे २,००,००० झाले. एकूण ५,२०,००० रुपये. कपडे, पुस्तके आणि परीक्षा फी वेगळी. हा आकडा कागदावर पाहा. मगच शेत गहाण ठेवायचे की नाही ते ठरवा.

त्याआधी सवलत विचारा. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्त्या आहेत. इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल या वर्गांतल्या मुलींसाठी सरकारने २०२४ साली शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असावे लागते. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून झालेला हवा. फेरीबाहेर पैसे देऊन जागा घेतली तर ही सवलत मिळत नाही.

अशा वेळी दलाल दारात येतो. तो म्हणतो, “काका, तीन लाख द्या, सीट पक्की.”

तुम्ही एवढेच विचारा, “पावती मिळंल का?”

“डोनेशनची कुठं पावती असते, काका?”

“मग आमच्याकडं पैसेबी नाहीत.”

प्रवेशासाठी असे देणगीचे पैसे घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलीचे मूळ दाखलेही पावतीवाचून कोणाच्या हाती देऊ नका.

नर्सिंगचे सांगितले तेच डॉक्टरकीला, आयुर्वेदाला आणि दातांच्या शिक्षणालाही लागू आहे. त्यांची प्रवेश परीक्षा वेगळी, तिचे नाव नीट. त्यांच्या परिषदा वेगळ्या. पण मान्यता, इस्पितळ आणि खर्च या तीन गोष्टी सगळीकडे पाहायच्याच.

मान्य कॉलेजांची यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. मुलीला मोबाईलवर ती उघडायला सांगा. पण वाचा तुम्ही. कॉलेजाचे नाव, गाव आणि मान्य जागा अक्षर अक्षर जुळवून पाहा. आजवर दुसरा वाचायचा आणि आपण अंगठा उठवायचा. आता तुम्हाला वाचता येते. मुलीच्या चार वर्षांसाठी एवढे वाचन कराच.

लक्षात ठेवा

१. आधी मान्यता, मग फी.
२. इमारत नव्हे, इस्पितळ पाहा.
३. पावती नाही तर पैसा नाही.

सराव

१. पदविका कोणत्या आणि पदवी कोणती?
२. परिचर्या परिषदेत नाव का नोंदवावे लागते?
३. फी वर्षाला ६०,००० आणि वसतिगृहाचा खर्च ४०,००० असेल, तर चार वर्षांचा खर्च किती?