बाकुची, श्वित्र आणि अतिनील निर्देशांक

श्वित्रचिकित्सेत बाकुचीलेपासह सूर्यातपसेवन योजतात. बाकुचीतील सोरालेन हे द्रव्य त्वचेस ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील ‘अ’ किरणांप्रती संवेदनशील करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकानुसार ३ पासून संरक्षण आणि ८ पासून विशेष संरक्षण आवश्यक ठरते. परंतु हा निर्देशांक मुख्यत्वे ‘ब’ किरणांच्या दाहकतेवर बेतलेला आहे. ‘अ’ किरण खिडकीच्या काचेतूनही येतात. म्हणून निर्देशांक कमी असला, तरी बाकुची घेणाऱ्या रुग्णाने निर्धास्त राहू नये. वैद्यांनी आतपसेवनाचा काळ मिनिटांत लिहून द्यावा. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीविना बावचीतेल देऊ नये. दाह वा स्फोट दिसताच लेप व ऊन दोन्ही थांबवावे.